चुकून वाळूची गाडी सांडली आणि गोल्फच्या मैदानांना हिवाळा काढायची युक्ती सापडली : विणकराचा पोरगा ओल्ड टॉम मॉरिसची गोष्ट

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पहाटे पिंपळगाव बसवंतच्या बाजूला चक्कर मारली तर द्राक्षबागांच्या कडेनं धूर दिसतो. कुणी शेकोट्या पेटवलेल्या असतात, कुणी रात्रभर ठिबक सुरू ठेवलेलं असतं. निफाड तालुका म्हणजे राज्यातल्या सगळ्यात गार तालुक्यांपैकी एक. पारा पाच-सहा अंशांवर आला की मणी तडकायची भीती असते. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपासून केलेला सगळा खर्च अशा दोन-चार रात्रींवर टांगलेला असतो.

याच बागांमध्ये एक गवत आहे, ज्याच्या नावानं शेतकरी बोटं मोडतो. हरळी. खुरपा, उपटा, फवारा, एक कांडी मातीत राहिली तरी पुन्हा हजर. गणपतीला वाहिली की तिला दूर्वा म्हणायचं, बागेत घुसली की हरळी.

आता गंमत बघा. पिंपळगावपासून तीसेक किलोमीटरवर नाशिक शहरात एक मैदान आहे. अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. रणजीचे सामने इथंच होतात. पण रिक्षावाल्याला विचारलं तर तो म्हणणार गोल्फ क्लब मैदान. इंग्रजांच्या काळात नाशिकात गोल्फ खेळलं जायचं, त्याची ही शिल्लक राहिलेली खूण. साहेब गेले, गोल्फ गेलं, नाव मात्र राहिलं.

आणि ज्या हरळीला बागायतदार वैतागतो, तीच हरळी आणि तिच्या सुधारलेल्या जाती आपल्याकडच्या गोल्फ मैदानांवर पैसे मोजून लावतात. पावसाळा संपला की तिची मशागत सुरू होते. माती भोसकून भोकं पाडायची, वर वाळू पसरायची, थंडीत ती पिवळी पडायच्या आत तिच्या मुळांत जीव भरायचा. पुण्यात येरवड्याला किंवा मुंबईत चेंबूरला गोल्फ खेळणाऱ्या मंडळींना हे दिसतही नाही. त्यांना फक्त हिरवं गवत दिसतं.

पण गवताची अशी निगा राखणं हे एक वेगळं काम आहे, त्यासाठी पगारी माणूस लागतो आणि मैदानालाही विश्रांती लागते, ही गोष्ट जगाच्या गळी उतरवण्यात एका माणसाचा वाटा सगळ्यात मोठा आहे. त्याचं नाव टॉम मॉरिस. जग त्याला ओल्ड टॉम म्हणून ओळखतं.

त्याच्याबद्दल इंटरनेटवर शोधलं तर पहिल्यांदा त्याचे विजय दिसतात. ब्रिटिश ओपन चार वेळा जिंकली, अमुक विक्रम, तमुक विक्रम. ते खरंच आहे. पण त्याचं मोठं काम खांद्यावर फावडं घेऊन झालंय.

तर सुरुवात स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज या समुद्रकाठच्या गावातून. 16 जून 1821 ला टॉमचा जन्म झाला. बाप हातमागावर कापड विणायचा. त्या काळात यंत्रमाग आले होते आणि हातमागवाल्यांचे दिवस फिरले होते. आपल्याकडच्या येवल्याच्या किंवा मालेगावच्या विणकराला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायची गरज नाही. पोरानं बापाचा धंदा धरण्यात अर्थ नव्हता.

सेंट अँड्र्यूजमध्ये दुसरा धंदा होता गोल्फचा. समुद्र आणि शेतजमीन यांच्यामध्ये वाळूच्या टेकड्यांचा एक पट्टा होता. त्याला तिकडे लिंक्स म्हणतात. वाळवंटासारखी जमीन, त्यामुळं शेतीला निरुपयोगी. मेंढ्या चरायच्या, ससे बिळं करायचे, गावातल्या बायका कपडे वाळत घालायच्या. त्याच पट्ट्यावर लोक शेकडो वर्षं गोल्फ खेळत होते. श्रीमंत लोक खेळायचे आणि गावातली गरीब पोरं त्यांच्या काठ्या वाहायची.

वयाच्या चौदाव्या वर्षी टॉम ॲलन रॉबर्टसन या माणसाकडे कामाला लागला. ॲलन हा त्या काळातला सगळ्यात भारी खेळाडू, पण त्याचं पोट चालायचं चेंडू बनवण्यावर. चेंडू म्हणजे चामड्याची छोटी पिशवी आणि तिच्यात उकडलेली पिसं. एका चेंडूत उंच हॅटभर पिसं ठासायची. छातीला जोर लावून ठासायचं, मग शिवायचं. दिवसभरात एका माणसाकडून तीन-चार चेंडू व्हायचे. महाग तर होतेच, वर पावसात भिजले की फुटायचे.

टॉम शिकाऊ म्हणून लागला आणि पुढं कारागीर झाला. खेळायलाही लागला. ॲलन आणि टॉम जोडीनं उतरले की समोरच्यांची हार ठरलेली, अशी त्यांची ख्याती होती. 1844 मध्ये टॉमचं लग्न झालं. बायकोचं नाव ॲग्नेस. पहिला मुलगा झाला, त्याचंही नाव टॉम ठेवलं. तो चार वर्षांचा होऊन 1850 मध्ये गेला. पुढच्याच वर्षी, एप्रिल 1851 मध्ये दुसरा मुलगा झाला आणि त्याचंही नाव टॉमच ठेवलं. हा पोरगा पुढं यंग टॉम म्हणून गाजला.

त्याच सुमारास एका झाडाच्या चिकानं या उस्ताद-शागिर्दाच्या जोडीत भांडण लावलं.

मलायाच्या जंगलात गट्टा पर्चा नावाचा चीक मिळायचा. गरम केला की मऊ, गार झाला की टणक. सेंट अँड्र्यूजमध्ये याचा पहिला चेंडू कसा बनला याचा एक किस्सा सांगतात. आशियातून एका घरी विष्णूची मूर्ती आली होती आणि ती फुटू नये म्हणून भोवती या गट्टा पर्चाचे तुकडे भरले होते. त्या घरातल्या पोरानं ते तुकडे वितळवून गोल केले आणि खेळून पाहिलं. किस्सा किती खरा हे सोडा, पण हा नवा चेंडू स्वस्त होता, टिकाऊ होता आणि भिजला तरी फुटत नव्हता. म्हणजे पिसांच्या चेंडूचं दुकान बंद.

ॲलनला हे कळत होतं, म्हणून तो या चेंडूचा कट्टर विरोधक. आणि एक दिवस खेळता खेळता टॉमकडचे चेंडू संपले, त्यानं सोबतच्या माणसाकडून गट्टा पर्चाचा चेंडू घेतला आणि नेमका ॲलननं तो बघितला. दोघांत वाजलं आणि टॉम बाहेर पडला.

तीस वर्षांचा माणूस, घरात तान्हं पोर, हातातलं काम गेलेलं. अशा वेळी जेम्स ओगिल्वी फेअरली नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं त्याला हाक दिली. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर प्रेस्टविक इथं नवा क्लब निघाला होता, 1851 साल होतं. तिथं मैदान आखायचं आणि सांभाळायचं होतं. पदाचं नाव कीपर ऑफ द ग्रीन, म्हणजे साध्या भाषेत हिरवळीचा राखणदार.

प्रेस्टविकची जमीन म्हणजे वाळूच्या उंच टेकड्या आणि त्यात झुडपं. टॉमनं तिच्यात 12 होल बसवले. जागा इतकी कमी होती की एका होलची वाट दुसऱ्याला छेदून जायची. मैदान आखणारा, माती ओढणारा, गवत कापणारा, चेंडू आणि काठ्या विकणारा आणि मेंबर लोकांसोबत खेळणारा, सगळं एकटा टॉम.

वाळूचा तो प्रसिद्ध प्रसंग इथलाच सांगतात.

टॉम एकदा ढकलगाडीत वाळू भरून चालला होता. गाडी कलंडली आणि वाळू ग्रीनवर सांडली. ग्रीन म्हणजे होलच्या भोवतीचा तो गुळगुळीत भाग, जिथं चेंडू हळूच सरकवत नेतात. दुसरा कुणी असता तर शिव्या देत सगळी वाळू झाडून काढली असती. काही वाळू तिथंच राहिली. काही दिवसांनी टॉमच्या लक्षात आलं की जिथं वाळू पडली होती तिथलं गवत बाकीच्यापेक्षा दाट आणि सरस झालंय.

यामागचं कारण आज सोपं वाटतं. गवतावर माणसं चालली की माती दाबली जाते. दाबलेल्या मातीत हवा राहत नाही, पाणी मुरत नाही. शिवाय गवताचे मेलेले देठ आणि मुळं साचून पृष्ठभागावर स्पंजसारखा थर तयार होतो. तो थर पाणी धरून ठेवतो आणि हिवाळ्यात नेमका तिथंच बुरशीचा रोग लागतो. वाळू त्या थरात मिसळली की पाणी खाली जातं, नवे फुटवे तिच्यातून वर येतात आणि जमिनीचे खाचखळगेही भरून निघतात. काळ्या जमिनीत द्राक्ष लावणाऱ्याला विचारा, मुळाशी पाणी साचून राहिलं की काय होतं ते. तो पाच मिनिटं थांबणार नाही.

टॉमकडे यातलं कुठलंच पुस्तकी ज्ञान नव्हतं. पण एकदा बघितलेलं तो विसरला नाही. पुढची पन्नास वर्षं त्याच्या हाताखालच्या लोकांनी एकच हुकूम ऐकला, अजून वाळू टाका. गवत खराब झालं तरी वाळू, चांगलं झालं तरी वाळू. आज जगातल्या जवळपास प्रत्येक गोल्फ मैदानावर, आणि क्रिकेट-फुटबॉलच्या कित्येक मैदानांवर, गवतावर वाळूचा पातळ थर देतात. त्याला टॉप ड्रेसिंग म्हणतात.

1859 मध्ये ॲलन रॉबर्टसन कावीळ होऊन वारला. आता सगळ्यात भारी खेळाडू कोण, हा प्रश्न उभा राहिला. तो सोडवायला प्रेस्टविक क्लबनं 17 ऑक्टोबर 1860 ला स्पर्धा ठेवली. आठ खेळाडू, 12 होलच्या तीन फेऱ्या आणि एका दिवसात निकाल. बक्षिसाला रुपया नाही, फक्त लाल चामड्याचा पट्टा. ही पहिली ओपन चॅम्पियनशिप. टॉमनं स्वतः तयार केलेल्या मैदानावर तो दुसरा आला. विली पार्कनं 174 फटके घेतले, टॉमनं 176.

पुढं मात्र गड्यानं कसर भरून काढली. 1861, 1862, 1864 आणि 1867 अशी चार वेळा ओपन जिंकली. 1862 चा विजय 13 फटक्यांनी होता. गोल्फच्या मोठ्या स्पर्धांमधला हा विक्रम मोडायला 2000 साल उजाडावं लागलं आणि समोर टायगर वुड्स लागला. 1867 मध्ये जिंकला तेव्हा टॉमचं वय 46 होतं. ओपन जिंकणारा सगळ्यात वयस्कर खेळाडू म्हणून आजही त्याचंच नाव आहे.

आणि पुढच्याच वर्षी सगळ्यात तरुण विजेताही त्याच घरातून आला. 1868 ची ओपन 17 वर्षांच्या यंग टॉमनं जिंकली. 1869 मध्ये पोरगा पहिला, बाप दुसरा. 1870 मध्ये पोरानं तिसऱ्यांदा जिंकल्यावर नियमाप्रमाणे तो पट्टा कायमचा त्याच्याकडे गेला. आता द्यायला काहीच नाही म्हणून 1871 मध्ये स्पर्धाच झाली नाही. 1872 ला पुन्हा सुरू झाली, पुन्हा पोरगाच जिंकला.

पण मैदानाकडे परत येऊ.

1864 मध्ये सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबनं टॉमला बोलावून घेतलं. गावचा पोरगा गावी परत. पगार वर्षाला 50 पौंड आणि मैदानाच्या खर्चाला 20 पौंड. हातात काय दिलं, तर एक ढकलगाडी, एक फावडं आणि एक कुदळ. जड कामासाठी आठवड्यातून दोन दिवस एक गडी. जगातल्या सगळ्यात जुन्या मैदानांपैकी एक आणि सगळ्यात नावाजलेलं गोल्फ मैदान एवढ्या सामानावर सांभाळायचं होतं.

मैदानाची अवस्था तेव्हा वाईट होती. गट्टा पर्चाच्या स्वस्त चेंडूमुळं खेळणाऱ्यांची गर्दी वाढली होती, रेल्वेमुळं बाहेरगावची मंडळी येत होती. शिवाय तेव्हाची खेळायची पद्धतच गवताच्या मुळावर उठलेली. एक होल संपला की त्याच्या जवळच उभं राहून पुढच्या होलसाठी पहिला फटका मारायचा. म्हणजे सगळ्यात नाजूक गवतावर सगळ्यात जास्त पाय. वर चेंडू थोडा उंच ठेवायला वाळूची चिमूट लागायची, ती लोक होलच्या तळातूनच काढायचे. दिवसभर असं चाललं की संध्याकाळपर्यंत होल खोल होत जायचा आणि कडा ढासळायच्या.

टॉमनं एकेक गोष्ट हातात घेतली. पहिल्या फटक्यासाठी ग्रीनपासून दूर स्वतंत्र जागा केल्या. ढासळणाऱ्या होलच्या आत लोखंडी कडं बसवण्याची कल्पनाही त्याच्याच काळातली. काटेरी झुडपं तोडून वाट रुंद केली. गवत कापायला तोवर मेंढ्या आणि ससे होते, त्यानं ढकलायचं यंत्र आणलं. अठराव्या होलचं नवं ग्रीन बांधलं. 1870 मध्ये पहिल्या होलसाठी वेगळं ग्रीन केलं.

या पहिल्या ग्रीनमुळं एक जबरदस्त सोय झाली. आता तेच मैदान दोन्ही दिशांनी खेळता यायला लागलं. काही काळ उजवीकडून, काही काळ डावीकडून. दिशा बदलली की चेंडू पडायच्या जागा बदलतात, पायवाटा बदलतात आणि झिजलेल्या तुकड्याला सावरायला वेळ मिळतो. शेतकरी पिकाची फेरपालट करतो तसंच हे, फक्त इथं पीक तेच आणि फेरपालट माणसांची.

हिवाळ्याच्या तोंडावर या सगळ्याची खरी किंमत कळायची. स्कॉटलंडमध्ये डिसेंबरात सूर्य साडेतीन-चारला मावळतो. थंडीत गवताची वाढ जवळपास थांबते. उन्हाळ्यात काठीनं उडालेला ढेकूळ दोन-तीन आठवड्यांत भरून येतो, हिवाळ्यात ती जखम वसंतापर्यंत तशीच राहते. दंव गोठलेल्या गवतावर पाय दिला तर पात्यांमधल्या गोठलेल्या पेशी फुटतात आणि ऊन आलं की पावलांचे काळे ठसे उमटतात. म्हणून जे काही करायचं ते थंडी यायच्या आत करावं लागतं. वाळू आधी, निचरा आधी, गवत थोडं उंच ठेवायचं ते आधी. शरद ऋतूत नत्र जास्त दिलं तर कोवळी वाढ होते आणि रोगाला आमंत्रण मिळतं. हे शेवटचं वाक्य पिंपळगावात कुणाला सांगितलं तर तो म्हणेल, यात नवीन काय.

आणि सगळ्यात मोठा वाद रविवारचा. टॉम पक्का चर्चवाला माणूस, रविवारी खेळायचा नाही आणि कुणाला खेळूही द्यायचा नाही. पण त्याचं कारण फक्त देवाधर्माचं नव्हतं. खेळणाऱ्यांना सुट्टी नको असेल, पण जमिनीला हवी आहे, असं त्याचं म्हणणं होतं. बड्या बड्या मेंबरांसमोर पन्नास पौंडांचा नोकर असं ठामपणे सांगत होता, हे लक्षात घ्या. त्या काळातल्या इंग्रजी समाजात ही छोटी गोष्ट नव्हती. कटकट करणारे होतेच. रविवारी मैदान बंदच राहिलं.

मग 1875 साल आलं.

सप्टेंबर महिना होता. बापलेक नॉर्थ बेरविक इथं पार्क भावांविरुद्ध खेळत होते. सामना संपत आला तशी तार आली. यंग टॉमची बायको मार्गारेट बाळंतपणात अडली होती. रेल्वेनं वळसा घालून जाण्यात वेळ गेला असता, म्हणून एका माणसानं आपली शिडाची बोट दिली. फोर्थची खाडी ओलांडून दोघं गावी पोचले तोवर मार्गारेट गेली होती, बाळही गेलं होतं.

पोरगा त्यातून उठलाच नाही. नोव्हेंबर संपताना त्याला एका पैजेच्या सामन्याला उभं करण्यात आलं. समोर आर्थर मोल्सवर्थ नावाचा हौशी खेळाडू, मैदान सेंट अँड्र्यूजचंच आणि सामना अनेक दिवसांचा. मध्येच बर्फ पडायला लागला. शहाणपणाची गोष्ट म्हणजे सामना थांबवणं, पण थांबवला नाही. ग्रीनवरचा बर्फ बाजूला करून खेळ चालला. गोठलेल्या गवताला ज्यानं आयुष्यभर जपलं, त्याच्याच मैदानावर त्याचाच खचलेला पोरगा बर्फातून चालत होता. यंग टॉम जिंकला. तीनेक आठवड्यांनी, 25 डिसेंबरला नाताळच्या सकाळी तो अंथरुणात मृत सापडला. वय 24.

लोक म्हणाले दुःखानं गेला. टॉमचं यावर वेगळं मत होतं. माणूस दुःखानं मरत असता तर आपणही जिवंत नसतो, अशा अर्थाचं तो बोलत असे.

कारण त्याच्या वाट्याला नंतरही हेच आलं. 1876 मध्ये ॲग्नेस गेली. अधू पायांचा मुलगा जॉन 1893 मध्ये गेला, मुलगी एलिझाबेथ 1898 मध्ये, जिमी 1906 मध्ये. बायको आणि सगळी पोरं त्याच्या डोळ्यांदेखत गेली.

टॉम कामावर जात राहिला. रोज सकाळी उठून उत्तर समुद्रात डुबकी मारायची त्याची सवय होती आणि थंडीतही ती सुटली नाही. मग मैदानावर फेरी. अठराव्या ग्रीनच्या कडेलाच त्याचं काठ्या-चेंडूंचं दुकान होतं, खिडकीतून ग्रीन दिसायचं. पांढरी दाढी, तोंडात पाइप, डोक्यावर टोपी. गावात येणारा प्रत्येक जण त्याला बघायला थांबायचा. वयाची सत्तरी ओलांडल्यावर, 1895 पर्यंत तो ओपनमध्येही उतरत होता.

याच काळात बाहेरून मागणी वाढली. मैदान आखून द्या, जुनं दुरुस्त करून द्या. टॉमची फी दिवसाला एक पौंड आणि प्रवासखर्च. रेल्वेनं जायचं, बोटीनं जायचं, जमीन चालून बघायची, जिथं गवत आणि उतार नैसर्गिकपणे चांगला आहे तिथं खुंटी ठोकायची. आज बुलडोझर लावून डोंगर हलवतात, त्यापुढं ही पद्धत पोरखेळ वाटेल. पण डॉर्नॉक, म्युअरफिल्ड, आयर्लंडमधलं काउंटी डाउन आणि लाहिंच अशी आजही जगात नावाजलेली मैदानं यातूनच उभी राहिली. डॉर्नॉकचा डोनाल्ड रॉस नावाचा पोरगा सेंट अँड्र्यूजला टॉमच्या हाताखाली शिकला आणि 1899 मध्ये अमेरिकेला गेला. त्यानं पुढं तिकडं शेकडो मैदानं आखली.

एक सांगायला हवं, टॉमचं सगळंच बरोबर होतं असं नाही. त्याची काही मैदानं पुढच्या लोकांना इतकी बदलावी लागली की मूळ काम शोधावं लागतं. दिवसाला एक पौंडात एक-दोन दिवसांत आखलेल्या मैदानाकडून आणखी अपेक्षा तरी किती करणार. ग्रीन सांभाळण्यात मात्र त्याचा हात धरणारा त्या काळात कुणी नव्हता.

1903 मध्ये, वयाच्या 82 व्या वर्षी त्यानं राखणदाराचं काम सोडलं. क्लबनं पगार चालूच ठेवला. 24 मे 1908 ला तो न्यू गोल्फ क्लबमध्ये बसला होता. उठून निघाला आणि चुकून दुसरंच दार उघडलं. दाराच्या पलीकडे तळघराचा जिना होता. टॉम त्यावरून पडला आणि त्यातच गेला. सत्त्याऐंशीवा वाढदिवस तीन आठवड्यांवर होता. अख्खं गाव रस्त्यावर उतरलं. जुन्या कॅथेड्रलच्या आवारात यंग टॉमच्या थडग्याजवळ त्याला पुरलं.

सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानावरच्या अठराव्या होलला आज टॉम मॉरिसचंच नाव आहे. नोव्हेंबर लागला की तिथं खेळणाऱ्यांना प्लास्टिकच्या गवताची छोटी चटई देतात. चेंडू फेअरवेवर पडला की तो चटईवर ठेवूनच मारायचा, मार्चपर्यंत. हजारो रुपये मोजून जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध मैदानावर आलेला माणूस काखेत चटई घेऊन फिरतो, हे दृश्य बघण्यासारखं असतं. मोठी स्पर्धा वगैरे सोडली तर रविवारी तिथं खेळ बंदच असतो. गावकरी कुत्री घेऊन येतात, पोरं वाळूच्या खड्ड्यांत उड्या मारतात, कुणी डबा उघडून बसतं.

आणि स्कॉटलंडच्या पश्चिमेला साउथ उइस्ट नावाचं बेट आहे. तिथं अस्कर्निश इथं टॉमनं 1891 मध्ये मैदान आखलं होतं. पुढं कुणी लक्ष दिलं नाही आणि ते टेकड्यांमध्ये गवताखाली हरवून गेलं. शंभरेक वर्षांनी काही जाणकारांनी जमीन चालून पाहिली, जुन्या खुणा जुळवल्या आणि यंत्रं न फिरवता, रसायनं न फवारता ते पुन्हा उभं केलं. 2008 मध्ये तिथं परत खेळ सुरू झाला. हिवाळा आला की गावातले शेतकरी त्या मैदानावर गाई-मेंढ्या सोडतात आणि वसंत येईपर्यंत गवत कापायचं काम त्याच करतात.